अर्ध्या बाईची जागा

आमच्या घरात "एक बाई धुऱ्यावर चढव" असं म्हटलं की सगळ्यांना अर्थ कळतो. पंगतीत पाट मावत नसले, पेटीत लुगडी कोंबली जात असली, एका खाटेवर चार पोरं लोळत असली, की कोणीतरी हे म्हणतंच. नव्या सुना आधी बिचकतात. एकीने तर घाबरून मलाच विचारलं होतं, "कोणत्या बाईले चढवू?" म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. हे वाक्य आमच्याकडे आलं ते एका जहाजाच्या फळ्या बसवताना. आणि ते जहाज बांधलं गेलं समुद्रापासून शेकडो कोस लांब, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे चार कोसांवर, एका सुताराच्या ओसरीवर.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. माझं माहेर ब्रह्मपुरीच्या बाजारपेठेतलं. मी सातवी पास होते, आणि हिच्या जिभेला हाड नाही ही माझी कीर्ती वरातीच्या आधीच सासरी पोचली होती. माझे सासरे गावचे सुतार. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते नांगर करत, बंड्या म्हणजे बैलगाड्या करत, दाराच्या चौकटी करत, आणि वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवरांना डोंगे करून देत. डोंगा म्हणजे एक अख्खं खोड आतून कोरून केलेली नाव. तिला जोड नाही की खिळा नाही. मामाजींचा डोंगा वीस वर्षं पाणी घेत नाही असं पंचक्रोशीत बोललं जाई, आणि ते मामाजींनाही माहीत होतं.

आता आमचे हे. लढाईच्या काळात, अठराव्या वर्षी, बापाशी भांडून हे मूलच्या स्टेशनावरून छोट्या गाडीत बसले आणि पळाले. चार वर्षं पत्ता नाही. लढाई संपल्यावर परतले ते काळे ठिक्कर होऊन, आणि सांगू लागले की मी समुद्रात जहाजावर सुतार होतो. इतकं लोकांनी मानलंही असतं. पण हे पुढे म्हणाले, जहाज लाकडाचं होतं. झालं! गावात एकानेही समुद्र पाहिला नव्हता, तरी जहाज लोखंडाचं असतं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. यांनी परोपरीने समजावलं की शत्रू पाण्यात सुरुंग पेरून ठेवतो, लोखंड जवळ आलं की ते सुरुंग फुटतात, म्हणून सुरुंग काढणारी जहाजं मुद्दाम लाकडाची बांधतात. लोक पोट धरून हसले. "सुरुंगाले नाक असते का बे?" असं एकाने विचारलं, ते वर्षभर पुरलं. यांच्याजवळ इंग्रजीत एक कागद होता, तो पहिल्याच पावसाळ्यात वाळवीने खाल्ला. गाव म्हणालं, चला, वाळवीले तरी याचा समुद्र पचला. शेवटी निकाल असा लागला की याने चार वर्षं नागपुरात हॉटेलात कपबश्या विसळल्या. यांचं नावच 'डोंगा' पडलं.

गावाचं यांना फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते मामाजींचं. मामाजी हसत नसत, चिडवतही नसत. ते नुसते गप्प बसत. एकदा मी म्हटलं, गप्प बसतात ते बरंच नाही का? तेव्हा हे म्हणाले, "सात वरसं झाले, बाबांनं मले एक सवाल नाई इचारला. काय खात होता, कोण होतं संगं, काईच नाई. खरं वाटलं असतं तं माणूस इचारतेच ना? खोट्याले कोण इचारते?"

हे सांगताना यांचा आवाज असा काही झाला की मी पुढे काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आणि लपवायचं कशाला, शंका मलाही होती. मी प्रश्न विचारत असे, पण ते पोलिसासारखे. एकच गोष्ट महिन्याभराने वेगळ्या तोंडाने विचारायची, आणि उत्तर बदलतं का ते पाहायचं. उत्तर कधी बदललं नाही. फक्त एक गोष्ट मला पटली नव्हती. यांनी सांगितलं होतं की जहाजाच्या नाकाजवळ काही फळ्या मध्येच संपत, नाकापर्यंत जातच नसत. मी मनात म्हटलं, इथे सापडलास. एवढं मोठं सरकारी जहाज, त्यात कोणी अर्धवट फळ्या बसवेल? सासूबाईंना मात्र कसलीच शंका नव्हती. "पोट्टं सांगते तं असन," असं म्हणून त्या कामाला लागत.

त्या उन्हाळ्यात गावात एक लग्न होतं. पंगतीत वाढत असताना एका माणसाने मला ऐकू जाईल असं विचारलं, "वैनी, तुमच्या नवऱ्याचा समुद्र आपल्या बोडीत मावते का?" बोडी म्हणजे गावचं लहान तळं. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. ते त्याच्या डोक्यावर ओतण्याऐवजी मी सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "मावते. तान्ह्या पोळ्याले याच बोडीत लाकडाचं जहाज सोडून दाखवतो. फळ्या जोडलेलं. पाह्याले या!"

मामाजी त्याच पंगतीत होते. ते भात कालवत राहिले.

घरी आल्यावर यांनी कपाळाला हात लावला. "तुले कोणं सांगतलं होतं?" मी म्हटलं, तुम्ही सुतार आहात, दोन हात लांबीचं जहाज करायला अडीच महिने खूप झाले. अख्खं लाकूड कोरा, वरून फळ्यांच्या रेघा ओढा, कोणाला कळतंय? हे इतके चिडले की ताटावरून उठले. थोड्या वेळाने परत येऊन बसले आणि म्हणाले, "कोरलं तं तो डोंगाच झाला ना. बाबा तेच तं म्हणतेत." आणि ते खरंच होतं. मामाजींचं म्हणणं एकाच वाक्यात होतं, आणि ते त्यांनी सात वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं: "फळ्या जोडल्या का पाणी शिरते, म्हून तं देवानं झाड अख्खं देल्लं." त्याला उत्तर द्यायचं तर फळ्या जोडूनच द्यायला हवं होतं. गावाचं हसू एका बाजूला. बापाने मुलाला एक प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी ते जहाज तरंगायला हवं होतं.

एका मोडक्या बंडीचा जुना साग यांनी काढला. आधी कणा केला, त्यावर अकरा बरगड्या उभ्या केल्या. मधल्या बरगड्या गोल आणि भरलेल्या, पुढच्या नाकाकडे अरुंद होत गेलेल्या. हा सांगाडा ओसरीवर ठेवला तेव्हा आठवड्यात सगळं होईल असं मला वाटलं. पण फळ्यांशी येऊन गाडी अडली. यांनी जहाजावर फळ्या बदलल्या होत्या. तुटलेली काढायची, तिच्याच मापाची दुसरी बसवायची. सगळ्या अंगाला किती फळ्या लागतात, कोणती कुठे किती रुंद, हे जहाज बांधणाऱ्याने आधी ठरवलेलं असतं. ते ठरवायची पाळी यांच्यावर कधी आली नव्हती.

पहिल्यांदा यांनी बंडीच्या तळाला घालतात तशा सगळ्या फळ्या सारख्या रुंदीच्या कापल्या, करंगळीएवढ्या. धान उकडायच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, गरम पाण्यात टाकून मऊ केल्या. सासूबाईंचं तोंड त्या दिवशी पाहण्यासारखं होतं. पोटाजवळ फळ्या छान बसल्या. नाकाजवळ गेल्या तशा एकीवर एक चढायला लागल्या, कारण तिथे एवढ्या जणींना जागाच नव्हती. मामाजी जाता जाता थांबले, पाहिलं, आणि "बंडी चालली नदीले," म्हणून पुढे गेले. यांनी सगळ्या फळ्या उपटल्या.

मग माझं डोकं चाललं. सातवीपर्यंतचं गणित कुठेतरी वापरायचं होतंच. मी जुन्या वहीच्या कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या. एकेका बरगडीवर कण्यापासून काठापर्यंत पट्टी गुंडाळायची, जास्तीची फाडायची. उरलेली पट्टी मधून दुमडायची, परत दुमडायची, अशा चार घड्या. उघडली की सोळा सारखे भाग. त्या खुणा पेन्सिलीने बरगडीवर उतरवायच्या. पोटाजवळ पट्टी लांब, म्हणून भाग रुंद. नाकाजवळ पट्टी चार बोटांची, म्हणून भाग बारीक. अकराही बरगड्यांवरच्या सारख्या नंबरच्या खुणांवरून दोरा ताणून पाहिला, तर नाकापासून शेपटापर्यंत अशा गोड रेघा आल्या की मला माझंच कौतुक वाटलं. त्या दिवशी मी वरणात मीठ घालायला विसरले आणि कोणी बोललं तरी मला राग आला नाही.

हे मात्र नाकाजवळच्या खुणांकडे पाहून डोकं खाजवत होते. "लय बारीक नाई होत का?" मी म्हटलं, हिशोब आहे तो, हिशोबाला बारीक-जाड काय?

हिशोब बरोबर होता. लाकडाला तो मान्य नव्हता, इतकंच. फळी नाकाजवळ तुरीच्या काडीएवढी झाली आणि खिळा मारला की उभी चिरली. दुसरी चिरली, तिसरी चिरली. सुतार बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. त्या आठवड्यात आमच्या ओसरीवर दोन्ही प्रकारच्या चुका भरपूर झाल्या. मी म्हटलं तुमच्या हाताला नाजूकपणा नाही, हे म्हणाले तुझ्या कागदाला अक्कल नाही, आणि दोन दिवस आम्ही सासूबाईंच्या मार्फत बोललो.

मामाजी त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी नंदी करत बसलेले असत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात, त्यामुळे दीड-दोन महिने आधीपासून मामाजींच्या भोवती चाकं आणि शिंगं पडलेली असत. एक चिरलेली फळी त्यांच्या पायाशी जाऊन पडली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, म्हणाले, "एवढी बारीक फळी चूक घेत नाई," आणि ती छिलप्यांच्या ढिगात टाकली. यांचा चेहरा एकदम उजळला. मला म्हणाले, "बाबा बोलले!" मी म्हटलं, बोलले कसले, नापास केलं. पण हे दिवसभर खुशीत होते.

असा आषाढ संपत आला. फळ्यांचा प्रश्न तसाच होता, आणि रोवणी सुरू झाली. धानाची रोपं वाफ्यातून काढून चिखलात लावायची म्हणजे रोवणी. आमच्या दोनच बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, होत्या, पण सासूबाई सगळ्या गावाच्या रोवणीत पुढे असत. पंधरा-सोळा बाया एका ओळीत वाकून, मागे मागे सरत रोवतात, प्रत्येकीची आपली पात, म्हणजे रोवायचा पट्टा. मी बाजारात वाढलेली, मला हे काम नवं. मागल्या वर्षी मला पोरीबाळींत घातलं होतं, या वर्षी ओळीत घेतलं.

बोडीच्या पाळीला लागून एक तिकोनी बांधी होती. एका बाजूला रुंद, आणि कोपऱ्याकडे निमुळती. आम्ही रुंद बाजूने मागे सरत कोपऱ्याकडे आलो. जागा कमी व्हायला लागली. मी शहाणी, म्हणून अंग चोरलं, पात बारीक केली, शेजारणीच्या कोपराला कोपर लावून रोवत राहिले. मला वाटलं सगळ्यांनी थोडं थोडं सरकलं की झालं. तेवढ्यात ओळीच्या टोकावरून सासूबाई ओरडल्या:

"अवं, बांधी बारीक झाली म्हून बाया बारीक होतेत का? चढ धुऱ्यावर!"

सगळ्या बाया खिदळल्या. मी चिखलाने भरलेली धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, चढून उभी राहिले. मला रडू येत होतं. सासूबाईंना ते दिसलं असावं, कारण त्या वाकल्या वाकल्याच समजावू लागल्या. "अर्ध्या बाईची जागा उरली का एकीनं निघावं. आंधीच निघशील तं मधात खाली जागा राह्यते. उशिरा निघशील तं दोघी एकमेकीच्या पायावर रोवता. आता पाह्य तू, कशा सुखानं चालल्या बाकीच्या."

मी पाहिलं. मी निघाले तिथे माझी पात संपली होती, कोपऱ्यापर्यंत गेलीच नव्हती. माझ्या दोन्ही बाजूच्या शेजारणी जवळ आल्या होत्या आणि पुन्हा पूर्ण पातीने रोवत होत्या. थोड्या वेळाने सासूबाईंनी आणखी एकीला काढलं, ओळीच्या दुसऱ्या भागातून. तिचीही पात मध्येच संपली.

मध्येच संपली! नाकापर्यंत गेलीच नाही!

मी अशी काही किंचाळले की बाया सरळ उभ्या राहिल्या. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं जळू लागली. मी त्यांचे चिखलाचे हात धरून म्हटलं, बाई, ते खरं सांगत होते. त्या म्हणाल्या, "कोण? का?" मी म्हटलं, फळ्या मध्येच संपत होत्या! त्यांना काही कळलं नाही, पण माझे डोळे वाहत होते ते त्यांनी पाहिले. कपबश्या विसळणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचली नसती. थाप मारायची तर माणूस पूर्ण फळ्यांची मारेल. ज्या गोष्टीवरून मी दोन वर्षं नवऱ्याला मनात खोटा ठरवत होते, तीच एक गोष्ट समुद्र पाहिल्याशिवाय कोणाला सांगता आली नसती. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

संध्याकाळी सासूबाईंना सांगाड्यासमोर बसवलं. माझं म्हणणं ऐकल्यावर त्यांनी कागदाच्या पट्ट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोळा तुरीच्या काड्या मागितल्या, जमिनीवर ओळीने मांडल्या आणि एकेका काडीला बाई केलं. ही पाटलाची सून, ही तेलीण, ही मी, ही तू. मग हुकूम सुटले. "कण्याजवळची अन् काठावरची काढाची नाई, त्या ओळ धरतेत. दोघी शेजारणी संगं काढाच्या नाई, भगदाड पडते. एक इथची काढ, एक तिथची." हे खुळ्यासारखे आईकडे पाहत होते. मग एकदम म्हणाले, "आमच्या जहाजाले अशाच होत्या ना वो! टोक बोथट, अन् शेजारच्या फळीत खाच करून बसवलेलं. म्या सोता बदलली एक. कायले तशी, ते नव्हतं समजलं."

माझ्या घड्यांचा हिशोब वाया गेला नाही. पोटाजवळची फळी करंगळीएवढी, म्हणून नाकाजवळ तिची रुंदी अर्ध्या करंगळीच्या खाली जाऊ द्यायची नाही. चार बोटांत अशा अकराच मावत होत्या. म्हणजे सोळातल्या पाच बाया धुऱ्यावर. मागच्या बाजूला, शेपटाखाली, उलट जागा रुंद होत होती. तिथे सासूबाई म्हणाल्या, "मोकळं झालं का नवीन बाई घ्याची," आणि दोन फळ्या मध्येच सुरू केल्या. कोणती कुठून निघणार ते मी पेन्सिलीने सगळ्या बरगड्यांवर लिहिलं. तेलीण तिसऱ्या बरगडीवर निघत होती, मी चौथ्या. पाटलाची सून शेवटपर्यंत गेली. तिचा गावात तसाच दबदबा होता.

दोन दिवसांनी डावी बाजू पूर्ण झाली. एकही फळी चिरली नाही, एकही चढली नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला बोलावून "ही तू" म्हणून फळी दाखवत. मामाजी एकदा जवळ आले. त्यांनी अंगठा नाकाकडून पोटाकडे फिरवला, बोथट टोकाशी थांबले, खाचेत नख घालून पाहिलं. मी आणि हे बाजूलाच उभे. विचारतील आता, हे कुठे शिकलास. तेवढ्यात सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "रोवणीसारकं हाय ना?" मामाजी म्हणाले, "म्हंजे रोवणीच हाय," आणि गेले.

यांचा समुद्र पुन्हा बाजूलाच राहिला. सासूबाईंवर मी आयुष्यात तेव्हा एकदाच चिडले असेन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर जहाजाच्या कण्याला टेकून मामाजींचा लहान रंधा ठेवलेला. त्या रंध्याला ते कोणाला हात लावू देत नसत. यांनी उजवी बाजूही तशीच बसवली आणि त्याच रंध्याने सगळ्या फळ्या एकसारख्या केल्या. फळ्यांच्या फटींत आम्ही सासू-सुनांनी कापसाचं सूत ठोसून भरलं, वरून राळ आणि जवसाचं तेल उकळून लावलं. सासूबाईंचा गंज कायमचा गेला.

तान्ह्या पोळ्याला बोडीच्या पाळीवर सारं गाव होतं. पोरं नंदी घेऊन, मोठी माणसं तोंडं भरून हसायला. लग्नातला तो माणूस पुढेच बसला होता. मामाजी पाळीच्या टोकाला, एकटे. हे गुडघाभर पाण्यात उतरले आणि जहाज सोडलं.

जहाज कललं. एका कुशीवर असं पडलं की काठ पाण्याला टेकला. पाळीवर हशाचा लोंढाच आला. "डोंगा झोपला!" मी यांच्याकडे पाहिलं, तर हे शांत. यांनी कमरेच्या पिशवीतून चिंधीत बांधलेल्या कोरड्या रेतीच्या पुरचुंड्या काढल्या आणि एकेक जहाजाच्या पोटात ठेवू लागले. ठेवताना तोंडाने पुटपुटत होते, "आगील हलकं... पिछील भारी..." आगील म्हणजे पुढची बाजू, पिछील म्हणजे मागची. ही जहाजाची भाषा सात वर्षं गावाने चेष्टेत वापरली होती. आता ती कामाला लागली होती. एक पुरचुंडी मागे, एक जरा डावीकडे, आणि जहाज हळूच सरळ झालं. सरळ होऊन तिथेच डुलत राहिलं. हशा थांबला.

तेवढ्यात पलीकडून कोणाच्या तरी पाच-सात म्हशी धबाधबा पाण्यात शिरल्या. लाट आली. जहाज एका बाजूला गेलं, दुसऱ्या बाजूला गेलं, नाक वर, नाक खाली, आणि परत सरळ. पुन्हा लाट, पुन्हा सरळ. मी देवाचं नाव घेत होते, सासूबाई म्हशींना शिव्या देत होत्या.

मामाजी उठले. चपला पाळीवर काढल्या, पाण्यात उतरले, आणि जहाज दोन्ही हातांनी उचललं. पुरचुंड्या बाजूला सारून त्यांनी तळाशी बोट फिरवलं. बोट पाहिलं. मग दुसऱ्या टोकाला फिरवलं, परत पाहिलं. कोरडं होतं. मामाजी जहाजाच्या आत पाहत होते, इतका वेळ की त्यांच्या धोतराचा सोगा भिजून खाली लोंबायला लागला. मग वर न पाहताच म्हणाले,

"का गा, एवढ्या हलण्यात झोपत कुठी होता?"

सात वर्षं भेटेल त्याला समुद्र सांगणाऱ्या या माणसाच्या तोंडून शब्द निघेना. मला उत्तर माहीत होतं, दहा वेळा विचारून घेतलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"खालतं, बाबा," हे शेवटी म्हणाले. "आगील बाजूनं. कापडाच्या झोळीत."

"झोळीत? लेकरावानी?"

"हो."

"मंग पडत नव्हता?"

"पयल्या दिवशी पडलो."

मामाजी हसले. जहाज काखेत घेऊन ते पाळीवर चढले आणि घराकडे निघाले. हे त्यांच्या बाजूला. जेवायला काय होतं, पाणी प्यायला कुठून आणत, फळी बदलताना जहाज वर कसं काढत, राळ कोणती, मामाजींचे एकामागून एक सवाल. तो लग्नातला माणूसही काहीतरी विचारायला मागे लागला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पाळ अरुंद होती. दोघं बाप-लेक जोडीने चालत होते, म्हणजे तिसऱ्या माणसाला वाट उरत नव्हती. मी मागून घाई करत होते, मला सगळं ऐकायचं होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "जागा नाई तिथी," त्या म्हणाल्या, "चल, आपण खालून जाऊ." आणि आम्ही दोघी लुगडी वर खोचून, पाळीच्या खालच्या चिखलातून घरी आलो.